समस्थानिक आणि आयन: तीन संख्या वेगळ्या ठेवायला शिकताना

अणूमध्ये मोजण्यासारखे कण तीनच: प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन. मूलद्रव्य कोणते, हे फक्त प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. त्या मूलद्रव्याचे कोणते समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन वेगळे असलेला प्रकार) समोर आहे, हे न्यूट्रॉन सांगतात. अणू उदासीन आहे की आयन, म्हणजे प्रभार असलेला, हे मात्र प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या संख्यांतल्या फरकावर अवलंबून असते. या तीन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. समस्थानिक बदलले म्हणून प्रभार बदलत नाही आणि आयन झाला म्हणून न्यूट्रॉन कमीजास्त होत नाहीत. या धड्यात होणाऱ्या बहुतेक चुका एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच संख्येत शोधल्यामुळे होतात. म्हणून मोजण्याचा क्रम ठरवून घ्यावा आणि तो कधी मोडू नये.

सुरुवात नेहमी प्रोटॉनांपासून

पहिली पायरी: मूलद्रव्याचे नाव किंवा संज्ञा पाहा, आवर्तसारणीत त्याचा अणुअंक शोधा आणि तो प्रोटॉनांची संख्या म्हणून लिहून टाका. सोडिअम असेल तर ११, क्लोरीन असेल तर १७, लोह असेल तर २६. अणूवर प्रभार असो वा नसो, समस्थानिक जड असो वा हलके, हा आकडा बदलत नाही. तो बदलला तर मूलद्रव्यच बदलले.

दुसरी पायरी: न्यूट्रॉन. अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करा. क्लोरीन-३७ या नावातला ३७ हा अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. ३७ − १७ = २० न्यूट्रॉन. या वजाबाकीत प्रभाराला जागा नाही.

तिसरी पायरी: इलेक्ट्रॉन. प्रोटॉनांच्या संख्येतून प्रभार त्याच्या चिन्हासकट वजा करा. मॅग्नेशिअमचा २+ आयन असेल तर १२ − (+२) = १०. ऑक्साइडचा २− आयन असेल तर ८ − (−२) = १०. ऋण चिन्ह वजा केले की बेरीज होते, हे इथे विसरायचे नाही.

या तिसऱ्या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात आणि त्यामागे एक स्वाभाविक समज असतो: अधिक चिन्ह म्हणजे काहीतरी वाढले. प्रत्यक्षात अधिक चिन्हाचा अर्थ इलेक्ट्रॉन कमी झाले असा आहे. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे तो गेला की मागे धन प्रभार शिल्लक राहतो. रासायनिक अभिक्रियेत कोणत्याही केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या कधीच बदलत नाही. ते केंद्रकात असतात आणि केंद्रकाला हात लावण्याइतकी ऊर्जा रासायनिक अभिक्रियेत नसते. म्हणून ‘सोडिअमला एक प्रोटॉन मिळाला आणि तो १+ झाला’ असे कोणी लिहिले तर ते सोडिअम राहिलेच नाही. बारा प्रोटॉन असलेला अणू मॅग्नेशिअमचा असतो.

संज्ञेच्या चार कोपऱ्यांत काय लिहितात

मूलद्रव्याच्या संज्ञेभोवती चार जागा असतात. डावीकडे वर अणुवस्तुमानांक, डावीकडे खाली अणुअंक, उजवीकडे वर प्रभार, उजवीकडे खाली रेणूतील त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या. डावी बाजू केंद्रकाची, उजवी बाजू रसायनशास्त्राची, असे लक्षात ठेवले तर पुरते. खालचा डावा आकडा पुष्कळदा लिहीत नाहीत, कारण संज्ञेवरून तो कळतोच.

आयनाचा प्रभार लिहिताना आधी आकडा आणि मग चिन्ह येते: २+, ३−. ऑक्सिडीकरण अंक (संयुगातल्या अणूला हिशेबासाठी दिलेला प्रभार) लिहिताना उलट, आधी चिन्ह आणि मग आकडा: +२, −३. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून ही शिस्त पाळावी.

अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान यांत गल्लत करू नका

आवर्तसारणीत क्लोरीनखाली ३५.४५ असे छापलेले असते. ते पूर्णांकात आणून ३५ घेतले, १७ वजा केले आणि १८ न्यूट्रॉन आले की उत्तर बरोबर वाटते. ते योगायोगाने क्लोरीन-३५ साठी बरोबर आहे. पण हीच युक्ती ब्रोमीनला लावून पाहा. ब्रोमीनचे सरासरी अणुवस्तुमान ७९.९०, पूर्णांकात ८०, अणुअंक ३५, म्हणजे न्यूट्रॉन ४५. निसर्गात ब्रोमीन-८० सापडतच नाही. ब्रोमीन-७९ सुमारे ५०.७ टक्के आणि ब्रोमीन-८१ सुमारे ४९.३ टक्के असतात. त्यांत अनुक्रमे ४४ आणि ४६ न्यूट्रॉन असतात, ४५ कुणातच नाहीत.

अणुवस्तुमानांक ही मोजलेली कणसंख्या आहे, त्यामुळे तो कायम पूर्णांकच असतो आणि एकाच अणूला लागू होतो. सरासरी अणुवस्तुमान हे निसर्गातल्या मिश्रणाचे असते. प्रश्नात समस्थानिक दिलेले नसेल तर न्यूट्रॉनांची संख्या सांगता येत नाही, हेच खरे उत्तर आहे. फ्लुओरिन, सोडिअम, ॲल्युमिनिअम, फॉस्फरस, आयोडीन, सोने अशा मूलद्रव्यांचे निसर्गात एकच स्थिर समस्थानिक असते. तिथे पूर्णांकात आणण्याची युक्ती चालते. कथिलाची मात्र दहा स्थिर समस्थानिके आहेत.

सरासरी अणुवस्तुमान काढण्याची रीत

प्रत्येक समस्थानिकाचे अचूक वस्तुमान घ्या, त्याच्या टक्केवारीला १०० ने भागून मिळालेल्या अपूर्णांकाने गुणा आणि सगळे गुणाकार मिळवा. वस्तुमान डाल्टनमध्ये मोजतात. कार्बन-१२ च्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन.

क्लोरीन:
३४.९६९ × ०.७५७८ = २६.५००
३६.९६६ × ०.२४२२ = ८.९५३
बेरीज ३५.४५३

मॅग्नेशिअमची तीन समस्थानिके आहेत:
२३.९८५ × ०.७८९९ = १८.९४६
२४.९८६ × ०.१००० = २.४९९
२५.९८३ × ०.११०१ = २.८६१
बेरीज २४.३०६, छापील आकडा २४.३०५. शेवटच्या घरातला फरक आपण आकडे तीन दशांशांपर्यंत घेतल्यामुळे आला आहे.

इथे तीन गोष्टी तपासायच्या असतात. टक्केवाऱ्यांची बेरीज १०० येते का? उत्तर सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड समस्थानिकाच्या मधे पडते का? आणि ते जास्त प्रमाणात असलेल्या समस्थानिकाच्या जवळ आहे का? क्लोरीनचे उत्तर ३६ आले तर दोन वस्तुमाने मिळवून सरळ दोनाने भागले, हे ओळखावे. प्रमाण ७५:२५ च्या आसपास असताना सरासरी मधोमध येऊच शकत नाही.

अचूक वस्तुमानांऐवजी ३५ आणि ३७ घेतले तर उत्तर ३५.४८ येते. चूक लहान आहे, पण तिच्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. सुटे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढे वस्तुमान कमी होते. म्हणून केंद्रकाचे वस्तुमान त्याच्या कणांच्या वस्तुमानांच्या बेरजेपेक्षा नेहमी थोडे कमी भरते. एकटा कार्बन-१२ व्याख्येनेच नेमका १२ आहे. तरीही आवर्तसारणीत कार्बनखाली १२.०११ दिसते, कारण निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो.

उलटे गणितही विचारले जाते. तांब्याचे सरासरी अणुवस्तुमान ६३.५५, समस्थानिकांची वस्तुमाने ६२.९३ आणि ६४.९३, तर प्रमाण किती? हलक्याचा अंश क्ष माना, जडाचा अंश आपोआप १ − क्ष होतो.
६२.९३ क्ष + ६४.९३ (१ − क्ष) = ६३.५५
६४.९३ − २ क्ष = ६३.५५
क्ष = ०.६९
म्हणजे तांबे-६३ सुमारे ६९ टक्के, तांबे-६५ सुमारे ३१ टक्के. जडासाठी दुसरी स्वतंत्र अज्ञात संख्या धरली की गणित अडते, कारण समीकरण एकच दिलेले असते. दुसरी माहिती, म्हणजे दोन्ही अंशांची बेरीज १, ही आपणच वापरायची असते.

अणुअंकाला एवढे महत्त्व का

पूर्वी मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या क्रमाने मांडत आणि काही जोड्या जागेवर बसत नसत. आरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशिअमचे ३९.१०. वस्तुमानाचा क्रम पाळला तर निष्क्रिय आरगॉन लिथिअम-सोडिअमच्या रांगेत येतो. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि क्रम ठरवणारी राशी केंद्रकावरचा प्रभार आहे, हे दाखवले. वस्तुमानाचा उलटा क्रम समस्थानिकांमुळे आहे: निसर्गातले आरगॉन जवळजवळ सगळे आरगॉन-४० असते, तर पोटॅशिअमचा ९३ टक्क्यांहून जास्त भाग पोटॅशिअम-३९.

त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला, म्हणजे त्यानंतर १९ वर्षांनी. सॉडींच्या हाती न्यूट्रॉन नव्हता. रासायनिक रीतीने काही केल्या वेगळे होत नाहीत, पण किरणोत्सारी गुणधर्म वेगळे आहेत, अशा पदार्थांवरून त्यांनी निष्कर्ष काढला. समस्थानिकांचे सार याच निरीक्षणात आहे. इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी, म्हणून रसायन सारखे.

‘सारखे’ म्हणजे तंतोतंत एक नव्हे. हायड्रोजनमध्ये फरक उघड दिसतो, कारण तिथे एक न्यूट्रॉन आला की वस्तुमान दुप्पट होते. ड्युटेरिअमपासून बनलेले जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, १०१.४ अंशांना उकळते आणि त्याची घनता साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त असते. युरेनिअम-२३५ आणि युरेनिअम-२३८ यांच्या वस्तुमानांत मात्र सव्वा टक्क्याच्या आसपासच फरक आहे, म्हणून त्यांना वेगळे करणे इतके जिकिरीचे ठरते.

सगळी समस्थानिके किरणोत्सारी असतात, हा आणखी एक पक्का बसलेला गैरसमज. कार्बन-१२, कार्बन-१३, ऑक्सिजन-१८, क्लोरीन-३७ हे सर्व स्थिर आहेत. कार्बन-१४ चा अर्धायुष्य काल सुमारे ५७३० वर्षे आहे. त्याचा ऱ्हास होताना केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. इथे थांबून विचार करावा. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन कवचातला नसून केंद्रकात नव्याने निर्माण झालेला असतो. त्यामुळे या घटनेला ‘कार्बनचा आयन झाला’ असे म्हणता येत नाही. प्रोटॉन ७ झाले, म्हणजे नायट्रोजन-१४ तयार झाला.

किती इलेक्ट्रॉन जातील, किती येतील

मुख्य गटांतल्या मूलद्रव्यांसाठी बाह्यतम कवच पाहावे (पुढचे आकडे आतून बाहेर प्रत्येक कवचातल्या इलेक्ट्रॉनांचे आहेत). सोडिअम २, ८, १: एक जातो, १+. मॅग्नेशिअम २, ८, २: दोन जातात, २+. क्लोरीन २, ८, ७: एक येतो, १−. ऑक्सिजन २, ६: दोन येतात, २−. अष्टक, म्हणजे बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होते, हे वर्णन म्हणून ठीक आहे, पण कारण म्हणून अपुरे आहे. ‘सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो’ असे म्हणण्यापेक्षा ऊर्जेचा हिशेब मांडावा.

वायुरूप सोडिअमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च येतो. क्लोरीनचा अणू इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा फक्त ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलांचा तोटाच आहे. तो भरून काढते स्फटिकाची रचना: धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ जाऊन जाळे बांधतात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला असतो. एवढी किंमत कोणतेही स्फटिक चुकती करू शकत नाही, म्हणून २+ सोडिअम संयुगांत मिळत नाही. मॅग्नेशिअमचे आकडे ७३८, १४५१ आणि ७७३३ आहेत. झेप तिसऱ्या इलेक्ट्रॉनला आहे, म्हणून प्रभार २+ वर थांबतो. आयनन ऊर्जांची यादी दिलेली असेल तर मोठी झेप कुठे आहे ते शोधा. झेपेच्या आधी जितके इलेक्ट्रॉन गेले तितका प्रभार.

संक्रमण धातूंना हा नियम सरळ लागू पडत नाही. लोहाची मांडणी २, ८, १४, २ अशी आहे. आयन होताना आधी सर्वांत बाहेरच्या, चौथ्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन जातात आणि २+ मिळतो: २, ८, १४. मग तिसऱ्या कवचातला एक गेला तर ३+: २, ८, १३. कवचे भरताना जो क्रम असतो त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ती रिकामी होतील, असे धरून चालणे ही इथली नेहमीची चूक. लोह, तांबे, मँगनीज यांचे एकाहून जास्त प्रभार असतात, म्हणून नावात रोमन अंकाने प्रभार सांगावा लागतो.

आयन झाला की आकारही बदलतो. सोडिअमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, त्याच्या आयनाची १०२. बाहेरचे कवचच नाहीसे झाल्याने एवढी घट होते. क्लोरीन उलट ९९ वरून १८१ पर्यंत फुगतो, कारण प्रोटॉन तेवढेच असताना इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण वाढते. वस्तुमान मात्र जवळपास तसेच राहते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनाच्या सुमारे १८३६ पट हलका असतो, म्हणून आयनांच्या गणितात साध्या अणुवस्तुमानानेच काम भागते.

अनेक अणूंचे आयन आणि सूत्रे

सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, अमोनिअम यांत प्रभार कोणा एका अणूचा नसून सबंध गटाचा असतो. मोजायची रीत तीच. सल्फेटमध्ये गंधकाचे १६ आणि चार ऑक्सिजनांचे ३२, एकूण ४८ प्रोटॉन. प्रभार २−, म्हणून इलेक्ट्रॉन ५०. अमोनिअममध्ये ७ + ४ = ११ प्रोटॉन, प्रभार १+, इलेक्ट्रॉन १०. प्रत्येक ऑक्सिजनला वेगळा २− देऊन बेरीज करायला गेलात तर सल्फेटचा प्रभार ८− येईल आणि पुढचे सगळे चुकेल.

सूत्र लिहिताना एकूण धन प्रभार आणि एकूण ऋण प्रभार सारखे करायचे. ॲल्युमिनिअम ३+ आणि सल्फेट २− यांचा लसावि ६, म्हणून दोन ॲल्युमिनिअम आणि तीन सल्फेट. सल्फेट कंसात घालून ३ कंसाबाहेर लिहायचा. कंस विसरला तर तो ३ फक्त ऑक्सिजनला चिकटतो. मॅग्नेशिअम २+ आणि ऑक्साइड २− असताना तिरकस गुणाकाराने २:२ येते, ते १:१ करून घ्यावे. अंतिम सूत्रात प्रभार लिहीत नाहीत.

दोन्ही कल्पना एकत्र येतात ते यंत्र

वस्तुमान वर्णपटमापी समजला की समस्थानिक आणि आयन यांतला संबंध पक्का होतो. अणू उदासीन असेल तर चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही, म्हणून आधी त्याचा आयन करावा लागतो. मग तो किती वळतो हे वस्तुमान भागिले प्रभार या गुणोत्तरावर ठरते. १९१९ मध्ये फ्रान्सिस ॲस्टन यांनी असे यंत्र बनवले आणि निऑन-२० व निऑन-२२ वेगळे दाखवले.

आलेख वाचताना आडव्या अक्षावर वस्तुमान आहे असे समजू नका, तिथे गुणोत्तर असते. मॅग्नेशिअम-२४ चा २+ आयन १२ वर दिसतो, जिथे कार्बन-१२ चा १+ आयनही दिसला असता. क्लोरीन वायूच्या रेणूसाठी ७०, ७२ आणि ७४ अशी तीन शिखरे मिळतात आणि त्यांची उंची सुमारे ९:६:१ असते. ७१ वर शिखर नसते, कारण क्लोरीन-३६ निसर्गात जवळजवळ नाहीच. हलक्याचे प्रमाण पाऊण आणि जडाचे पाव धरले की दोन्ही हलके ९/१६, दोन्ही जड १/१६. एक हलका आणि एक जड ही जोडी दोन प्रकारे जुळते, म्हणून ती ६/१६.

सरावासाठी

उत्तर झाकून आधी स्वतः मोजा. क्रम: प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन.

लोह-५६, ३+: २६, ३०, २३.
ऑक्सिजन-१८, २−: ८, १०, १०.
आयोडीन-१३१, १−: ५३, ७८, ५४.
हायड्रोजन-१, १−: १, ०, २.
ड्युटेरिअम, १+: १, १, ०. इलेक्ट्रॉन शून्य पाहून चूक झाली असे वाटते, पण उत्तर बरोबर आहे.
उलट प्रश्न, १६ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन, १८ इलेक्ट्रॉन: गंधक-३४, २−.

आता जरा वेळ लावून हा सोडवा. आरगॉन-४० चा अणू, पोटॅशिअम-४० चा १+ आयन आणि कॅल्शिअम-४० चा २+ आयन यांत सारखे काय आणि वेगळे काय? अणुवस्तुमानांक तिघांचाही ४०. इलेक्ट्रॉन तिघांतही १८, मांडणीही २, ८, ८. तरीही ही एकमेकांची समस्थानिके नाहीत, कारण प्रोटॉन १८, १९ आणि २० आहेत. अणुवस्तुमानांक सारखा असलेल्या अशा अणूंना समभारी म्हणतात. न्यूट्रॉन अनुक्रमे २२, २१ आणि २०. तेच १८ इलेक्ट्रॉन कॅल्शिअमच्या केंद्रकात २० प्रोटॉन ओढून धरतात, आरगॉनच्या केंद्रकात १८, म्हणून तिघांत कॅल्शिअमचा आयन सर्वांत लहान असतो.